एका सेंटिमीटरचा हिशेब

मेक्सिकोतला शहरी गरीब टॉर्टिया विकत घेतो, खेड्यातला गरीब ती घरीच थापतो. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवायचा, पहाटे वाटायचा, पीठ हातावर थापायचे आणि तव्यावर टाकायचे. आपल्या भाकरीची ही दूरची बहीणच. शहर आणि खेडे यांच्यातला हा साधा फरक मेक्सिकोच्या सरकारने कित्येक वर्षे मनावर घेतला नव्हता. टॉर्टिया स्वस्त राहावी म्हणून सरकार गिरण्यांना आणि दुकानांना पैसे मोजत असे. त्यामुळे राजधानीतल्या कारकुनाला स्वस्त टॉर्टिया मिळे आणि त्याच्या साहेबालाही त्याच भावात मिळे. इदाल्गो किंवा गेरेरोच्या डोंगरात स्वतःच्या शेतातला मका वाटून खाणाऱ्या बाईच्या पदरात त्यातला एक पेसोही पडत नसे. आणि देशातली सर्वांत खुजी, सर्वांत अशक्त मुले नेमकी तिच्याच घरात होती.

पसारा टॉर्टियापुरता नव्हता. स्वस्त दूध, शाळेतली न्याहारी, 'कोनासुपो' नावाची सरकारी धान्यदुकाने असे बरेच काही होते. प्रत्येकाचे खाते वेगळे, साहेब वेगळा आणि त्यावर जगणारी माणसेही वेगळी. 1929 पासून सलग सत्तेवर असलेल्या 'पीआरआय' पक्षाला हे सोयीचेच होते. कोणत्या गावाला काय द्यायचे आणि कोणाला ताटकळत ठेवायचे, याची किल्ली त्यामुळे पक्षाच्या कमरेला राहत असे. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या सालिनास यांनी 'सोलिदारिदाद' हा अवाढव्य कार्यक्रम काढला, तेव्हा पैसा गरिबी बघून जातो की मतदारसंघ बघून, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला.

मग पेसो कोसळला.

एर्नेस्तो सेदियो यांनी 1 डिसेंबर 1994 रोजी राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे घेतली आणि तीन आठवड्यांच्या आत चलनाचे अवमूल्यन करण्याची वेळ त्यांच्यावर आली. 1995 या एका वर्षात देशाचे उत्पन्न सहा टक्क्यांहून अधिक घटले. व्याजदर आभाळाला भिडले आणि मजुरीला किंमत उरली नाही. अशा वेळी सरकारे सहसा जुन्याच अनुदानांत भर घालतात. मेक्सिकोत त्या सुमारास अर्थखात्यात खर्चाच्या बाजूला सांतियागो लेव्ही नावाचा अर्थशास्त्रज्ञ बसला होता. आधी अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या लेव्ही यांनी मेक्सिकोच्या गरिबीवर 1991 मध्येच एक दीर्घ निबंध लिहिला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तू स्वस्त करण्याऐवजी पैसे थेट गरीब घरात द्या, पण मुलांना शाळेत आणि दवाखान्यात नेण्याच्या अटीवर द्या. त्यांचे जोडीदार होसे गोमेझ दे लेओन हे लोकसंख्याशास्त्रज्ञ आणि राष्ट्रीय लोकसंख्या परिषदेचे प्रमुख. एक पैशांचा हिशेब ठेवणारा आणि दुसरा माणसांचा, अशी ही जोडी जमली.

1995 मध्ये कांपेचे राज्यात चाचणी झाली. तिथल्या गरीब कुटुंबांना दूध-टॉर्टियाच्या अनुदानाऐवजी एक कार्ड मिळाले आणि बायका-मुलांनी दवाखान्यात तपासणीला जायचे अशी अट पडली. बायकांना हे जुन्या पद्धतीपेक्षा पसंत आहे, असे दिसून आले. मंत्रिमंडळातल्या अनेकांना मात्र ते पटेना. रोख पैसे दिले तर नवरा दारूत उडवील, ही शंका तिकडेही होतीच. जगात जिथे जिथे गरिबाच्या हाती रोख रक्कम देण्याची गोष्ट निघते, तिथे पोटभर जेवलेली माणसे हीच शंका सर्वांत आधी काढतात. वर्ल्ड बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना आढळले नाही. पण 1996 मध्ये हा पुरावा कोणाच्याच हाती नव्हता.

सेदियो यांनी घोषणेचा मुहूर्तही जपून निवडला. जुलै 1997 मध्ये संसदेच्या निवडणुका झाल्या, पीआरआयने कनिष्ठ सभागृहातले बहुमत गमावले, आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये 'प्रोग्रेसा' सुरू झाली. शिक्षण, आरोग्य आणि आहार यांचा कार्यक्रम अशा अर्थाच्या लांबलचक स्पॅनिश नावाचे ते लघुरूप. निवडणुकीआधी ढोल वाजवून योजना जाहीर करायची सवय असलेल्या वाचकांना हा उलटा क्रम विचित्र वाटेल. पण तोच तिला पुढे तारून गेला. सरकारी अर्थसंकल्पातच अशी तरतूद करण्यात आली की ही योजना कोणत्याही पक्षाची नाही, हे छापील कागदांवर लिहायचे.

योजनेचे यंत्र असे होते. आधी गावागावांतून घरोघरची पाहणी करायची: जमीन मातीची की फरशीची, घरात किती माणसे, कोण काय कमावते. त्या आकड्यांवरून एक सूत्र कुटुंबाची गरिबी ठरवी. सरपंचाची चिठ्ठी चालत नसे. यादी नंतर गावसभेत वाचली जाई. पैसे दर दोन महिन्यांनी येत आणि ते आईच्या हाती पडत. 1999 च्या उत्तरार्धात आहारासाठीची रक्कम महिन्याला 125 पेसो होती. तिसरीतल्या मुलाला 80 पेसो शिष्यवृत्ती होती आणि वर्ग वाढेल तशी ती चढत जाई. माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला मुलाला 265 आणि मुलीला 305 पेसो मिळत, कारण मुलींची शाळा त्याच वयात सुटत होती. सगळे मिळून एका कुटुंबाला 750 पेसोंहून जास्त नाही. सरासरी काढली तर घरखर्चाच्या सुमारे एक-पंचमांश रक्कम येत होती. चैन व्हावी एवढी ती नव्हतीच. पण वाण्याची उधारी फेडून कोंबडी आणता यावी, एवढी होती.

शाळेतल्या मुलांवर भरपूर लिहिले गेले आहे. इथे बघायचे आहे ते शाळेच्या वयाला न पोचलेल्या मुलांकडे. त्यांच्यासाठी अट दवाखान्याची होती. गरोदरपणात पाच तपासण्या. बाळ जन्मल्यावर सातव्या दिवशी एक, अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरी, मग ठरलेल्या महिन्यांना. वजन, उंची, लसी. याशिवाय आईने दर महिन्याला आरोग्य केंद्रातल्या बोलण्याला बसायचे: पाणी उकळून प्या, जुलाब झाल्यावर काय द्या, दोन बाळांमध्ये अंतर ठेवा. नर्स हजेरी एका कागदावर भरी. तो कागद वर गेला नाही तर त्या दोन महिन्यांचा हप्ता कापला जाई.

आणि होती एक पुडी. चार महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी, आणि दोन ते पाच वयातल्या अशक्त मुलांसाठी, दवाखान्यातून 'पापिया' म्हणजे खिरीची पूड मिळे. रोजची मात्रा 44 ग्रॅम. उकळून कोमट केलेल्या पाण्याचे तीन-चार चमचे घालून ती घट्टसर कालवायची. त्यात दूध आणि साखर होती, लोह, जस्त आणि जीवनसत्त्वे मिसळलेली होती. सुमारे 194 कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने. व्हॅनिला, चॉकलेट, केळे असे स्वाद होते. कागदावर हिशेब चोख होता. घरात मात्र पुडी फुटली की आजूबाजूला तीन-चार भावंडे वाटी घेऊन उभी. बऱ्याच आया तिच्यात पाणी वाढवून पातळ पेय करत, म्हणजे ते सगळ्यांना पुरे. बाळाच्या नावाची खीर अख्ख्या घराने वाटून प्यावी, याबद्दल आईला दोष कोण देणार? पण तपासनिसांच्या तक्त्यात तो 'अपुरा वापर' ठरला.

पैसे मिळण्याचा दिवस ही खेड्यातली मोठी घडामोड होती. डोंगराळ भागात बँका नव्हत्या, म्हणून सरकारने तारखात्याचा आधार घेतला. तारखात्याची माणसे रोकड घेऊन मोठ्या गावी येत आणि वाड्यावस्त्यांवरच्या बायका काही तास चालत तिथे पोचत. कडेवर मूल, पदराच्या गाठीत ओळखपत्र, हातात दर हप्त्याला चिकटवायच्या होलोग्रामचा कागद. रांग उन्हात तासन्‌तास. हे ठाऊक झाल्यावर फिरते विक्रेते तिथे पाल ठोकू लागले: प्लॅस्टिकची भांडी, मुलांचे बूट, ब्लँकेट, शीतपेये. वसुलीला आलेले सावकारही बाजूला उभे राहत. प्रत्येक गावात बायकांनी आपल्यातलीच एक प्रतिनिधी निवडलेली असे. तारीख कळवणे, रांगेत बायका बसवणे, दवाखान्याची आठवण करणे हे सगळे तिच्या माथी, आणि पगार शून्य. आपल्याकडच्या बिनपगारी 'मानसेवी' कामाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

योजना जगभर गाजली त्याचे खरे कारण मात्र वेगळेच आहे. सरकारकडे पहिल्याच वर्षी सगळ्या गावांना पुरेल एवढा पैसा नव्हता. काही गावांना थांबावे लागणारच होते. गोमेझ दे लेओन आणि लेव्ही यांनी या अडचणीचे सोने केले. गेरेरो, इदाल्गो, मिचोआकान, पुएब्ला, केरेतारो, सान लुईस पोतोसी आणि वेराक्रूझ या सात राज्यांतली 506 गावे त्यांनी निवडली आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची वाटणी केली. 320 गावांना योजना 1998 मध्ये, उरलेल्या 186 गावांना 1999 च्या अखेरीस. मधल्या काळात दोन्हीकडच्या सुमारे 24,000 घरांत फिरून माहिती गोळा करायची. म्हणजे फरक पडला तर तो पावसामुळे नाही, मक्याच्या भावामुळे नाही, योजनेमुळेच, हे ठामपणे सांगता येईल. औषधांच्या चाचणीची ही रीत एवढ्या मोठ्या सरकारी योजनेला क्वचितच कोणी लावली होती. मूल्यमापनाचे काम वॉशिंग्टनच्या अन्नधोरण संशोधन संस्थेकडे, 'इफ्प्री'कडे, सोपवले. घरचा अहवाल घरच्यांनीच लिहिला असता तर पुढच्या सरकारने तो रद्दीत घातला असता, हे दोघांनीही ओळखले होते.

तरीही 186 गावांतल्या तान्ह्या बाळांना दीड-दोन वर्षे मुद्दाम थांबवले, ही गोष्ट बोचणारी आहे. पैसे नव्हते हे खरे. पण ज्या वयात एकेक महिना मोलाचा, त्या वयातली ती बाळे होती, हेही तितकेच खरे.

निकाल आले ते असे. जॉन हॉडिनॉट आणि इमॅन्युएल स्कुफियास यांनी घरातले अन्न मोजले. नोव्हेंबर 1999 पर्यंत योजनेतल्या घरांत आहारातल्या कॅलरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढल्या होत्या, आणि वाढ मुख्यतः भाजीपाला, फळे, मांस-अंडी-दूध यांतून आली होती. पोटभर मका आधीही मिळत होता. आता मक्यासोबत काहीतरी मिळू लागले. कॅलिफोर्नियाच्या पॉल गर्टलर यांनी लहान मुलांचे आजारपण तपासले. गेल्या चार आठवड्यांत मूल आजारी पडले का, असे आईला विचारले, तर योजनेतल्या गावांत तीन वर्षांखालच्या मुलांचे आजारपण सुमारे एक-चतुर्थांशाने कमी आले. इथे एखादा खवचट वाचक म्हणेल की पैसे घेणारी आई 'बाळ बरे आहे' असेच सांगणार. म्हणून उंची आणि रक्त महत्त्वाचे. मोजपट्टीला भीड नसते. गर्टलर यांच्या हिशेबात योजनेतली मुले सुमारे एक सेंटिमीटर उंच निघाली. कुएर्नावाकाच्या राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या हुआन रिवेरा आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे मुले मोजली. सर्वांत गरीब घरांतली, सुरुवातीला सहा महिन्यांहून लहान असलेली बाळे दोन वर्षांत योजनेच्या गावांत 26.4 सेंटिमीटर वाढली, थांबलेल्या गावांत 25.3 सेंटिमीटर.

एक सेंटिमीटर म्हणजे नखाएवढी गोष्ट, असे वाटते. पण खुजेपणा दोन वर्षांच्या आत ठरतो आणि नंतर कितीही खाऊ घातले तरी फारसा भरून निघत नाही. त्या वयात एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे जुलाब आणि तापाचे काही दौरे टळले, काही महिने अन्न अंगी लागले, असा अर्थ होतो. डॉक्टर मंडळींना उंचीत रस असतो तो यासाठी.

रक्ताची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. वर्षभरानंतर योजनेतल्या बाळांपैकी 44.3 टक्के ॲनिमिक होती, थांबलेल्या गावांत 54.9 टक्के. फरक पडला होता, पण लोहाची पुडी रोज मिळत असताना दर शंभरांतली 44 बाळे ॲनिमिक राहावीत, हे काही मिरवण्यासारखे नव्हते. शोध घेतला तेव्हा कळले की पुडीत घातलेल्या प्रकारचे लोह शरीरात नीट शोषलेच जात नव्हते. ते स्वस्त होते, खिरीचा रंग-चव बिघडवत नव्हते, म्हणून निवडले गेले होते. नंतर लोहाचा प्रकार बदलण्यात आला. कोणी रक्त तपासलेच नसते तर तीच पुडी वर्षानुवर्षे वाटली गेली असती आणि वाटपाचे आकडे दरवर्षी वाढतेच दिसले असते.

मग मुले वाढली ती कशाने? पैशाने, दवाखान्याने की खिरीने? सगळेच एकत्र दिल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठ्यांच्या वाटणीतून निघत नव्हते. लिया फर्नाल्ड, गर्टलर आणि लिनेट न्यूफेल्ड यांनी 2008 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक वाट काढली. लवकर सामील झालेल्या घरांना एकूण रक्कम जास्त मिळाली होती आणि उशिरा आलेल्यांना कमी. जास्त रकमेच्या घरांतली मुले उंच होती, त्यांच्यात खुजेपणा कमी होता, आणि हालचाल, भाषा, आकलन यांतही ती पुढे होती. म्हणजे पैशाचा स्वतःचा हात होता. पण त्याच काळात याच पैशाने घरातल्या मोठ्यांचे वजन आणि रक्तदाबही वाढला, असेही फर्नाल्ड आणि सहकाऱ्यांना दिसले. पैसे मिळण्याच्या ठिकाणी शीतपेयांचे पाल का होते, ते आता कळते.

टॅनिया बारहॅम यांनी मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या. योजना पोचलेल्या ग्रामीण कुटुंबांत अर्भकमृत्यू सुमारे 17 टक्क्यांनी घटला होता. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांतल्या मृत्यूंत फरक आढळला नाही. या वाक्याशी मराठी वाचकाने क्षणभर थांबायला हवे, कारण त्याचे उत्तर गडचिरोलीत आधीच सापडले होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले: श्वास मोजणे, बाळ उबेत ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. तुलनेच्या गावांच्या मानाने तिथे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले. पहिल्या महिन्यात जीव वाचतो तो दारात येणाऱ्या शिकलेल्या बाईमुळे. पैसा कामाला येतो त्यानंतर, जेव्हा बाळ वरचे खाऊ लागते आणि जुलाब सुरू होतात.

गावांत सगळे आनंदी होते असे मात्र नाही. 'इफ्प्री'च्या मिशेल अदातो यांनी बायकांचे गट बसवून ऐकून घेतले, तेव्हा एकच तक्रार पुन्हा पुन्हा निघाली: आम्ही सगळेच गरीब, मग तिला मिळते आणि मला का नाही? ज्यांचे नाव यादीत नव्हते, त्यांनी काही ठिकाणी गावच्या श्रमदानाला येणे बंद केले. ज्यांचे नाव होते त्यांच्यावर उलट जास्तीची कामे लादली गेली, अगदी दवाखान्याची झाडलोटसुद्धा. योजनेच्या नियमांत ते कुठेही नव्हते. ब्रिटिश अभ्यासक मॅक्सिन मॉलिन्यू यांनी नंतर लिहिले की या योजना बाईला हक्क देण्याऐवजी तिला मुलांच्या भल्यासाठी राबणारा दुवा बनवतात. बापावर कसलीच अट नसते. चियापासमधल्या झापातिस्ता बंडखोरांच्या गावांनी तर सरकारी पैसाच नाकारला. आणि दवाखाने? अट घातल्यावर गर्दी वाढली, पण नर्स तेवढ्याच राहिल्या. जिथे आरोग्य केंद्रच नव्हते तिथे योजना सुरुवातीला गेलीच नाही, कारण अट पाळणार कशी? म्हणजे सर्वांत दूरचे, सर्वांत गरीब गाव पहिल्या यादीतून आपोआप बाद.

2000 साली पीआरआयची सात दशकांची सत्ता संपली आणि व्हिसेंते फॉक्स निवडून आले. प्रोग्रेसा आता बंद होणार, अशी सगळ्यांची अटकळ होती. तोवर ती सुमारे 26 लाख ग्रामीण कुटुंबांत पोचली होती. गोमेझ दे लेओन त्याच वर्षी वारले. पण अहवाल तयार होते, परदेशी तज्ज्ञांच्या सहीचे होते, आणि फॉक्स यांनी योजना ठेवली. 2002 मध्ये नाव मात्र बदलले: 'ओपोर्तुनिदादेस'. ती शहरांतही गेली. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष पेन्या निएतो यांनी पुन्हा बारसे करून 'प्रोस्पेरा' ठेवले. लाभार्थी कुटुंबे साठ लाखांच्या वर गेली. नाव बदलले तरी आतले यंत्र बरेचसे तेच राहिले, हे आपल्या राजकारणाच्या अनुभवात बसणारे नाही.

दरम्यान कल्पना जगभर पसरली. ब्राझीलने 2003 मध्ये आपले जुने तुकडे जोडून 'बोल्सा फामिलिया' उभी केली. दाविदे रासेला आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 2,853 नगरपालिकांचे आकडे मांडले. जिथे योजना दाट पोचली होती तिथे पाच वर्षांखालचे मृत्यू 17 टक्क्यांनी कमी होते, कुपोषणाने होणारे 65 टक्क्यांनी आणि जुलाबाने होणारे 53 टक्क्यांनी. तिथे घरोघर जाणारे सरकारी आरोग्यपथकही होते, हे विसरता कामा नये. उलट न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी मेक्सिकोचे बघून 2007 मध्ये काढलेली योजना 2010 मध्ये आटोपली. अमेरिकेतच 2018 पासून हजार गरीब मातांना दरमहा 333 किंवा 20 डॉलर बिनअट देऊन पाहिले गेले. चार वर्षांच्या वयात दोन्ही गटांतल्या मुलांच्या वाढीत ठळक फरक दिसला नाही. जिथे मूल उपाशी नाही आणि जुलाबाने मरत नाही, तिथे तेवढ्या रकमेची करामत दिसत नाही.

मेक्सिकोत मात्र 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांनी प्रोस्पेरा बंद केली. मधले दलाल नकोत, पैसे थेट जाऊ द्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. तिच्या जागी बेनितो हुआरेझ यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या आल्या. पैसे शिक्षणाशी जोडले गेले आणि तान्ह्या बाळाच्या तपासणीची अट, पुडी, दवाखान्याचा कागद हे सगळे गेले. बावीस वर्षे जिची मोजणी जगात सर्वांत बारकाईने झाली, ती योजना मोडताना मात्र कोणी चिठ्ठ्या टाकून तुलना केली नाही.

भारतात ही वाट थोडी आधीच तुडवली गेली होती. तामिळनाडूने 1987 मध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने गरीब गरोदर बायकांना 300 रुपये द्यायला सुरुवात केली. पुढे ही रक्कम वाढत वाढत 18,000 वर गेली. 2005 मध्ये केंद्राची जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण 2005-06 मधल्या 38.7 टक्क्यांवरून दहा वर्षांत 78.9 टक्क्यांवर गेले. नवजात मृत्यू मात्र त्या वेगाने घटले नाहीत, कारण बाई दवाखान्यात पोचली तरी तिथे तिच्यासाठी काय होते हा प्रश्न उरतच होता. महाराष्ट्रात मेळघाटातल्या बालमृत्यूंनी 1993 पासून राज्य हादरले. मग नवसंजीवनी योजनेत आदिवासी गरोदर बाईला मातृत्व अनुदान, आजारी बाळासोबत दवाखान्यात राहणाऱ्या आईबापांना 'बुडीत मजुरी' अशा तरतुदी झाल्या. बुडीत मजुरीची कल्पना तर मेक्सिकोच्या अटीपेक्षा शहाणपणाची आहे. आई दवाखान्यातून बाळाला घेऊन पळून का जाते, याचे कारण या तरतुदीने नेमके ओळखले होते. 2010 मध्ये इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनेच्या पहिल्या जिल्ह्यांत अमरावती आणि भंडारा होते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला. 2017 पासूनची मातृवंदना योजना मात्र पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये देते, आणि दुसरे मूल मुलगी असेल तरच 6,000.

आता महाराष्ट्रात जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये जाऊ लागले. तिला वयाची खालची मर्यादा आहे 21 वर्षांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की राज्यात 20 ते 24 वयातल्या पाचांपैकी एकीहून अधिक बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले आहे. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी पहिले मूल कडेवर घेतलेली, सर्वांत गरीब घरातली आई या यादीत बसतच नाही. त्याच पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले खुजी निघाली, आधीच्या पाहणीपेक्षा किंचित जास्तच. मुलांची उंची-वजने अंगणवाडी सेविका दर महिन्याला 'पोषण ट्रॅकर'वर भरतात, आणि पैसे कोणत्या महिन्यात कोणाच्या खात्यात गेले याची नोंद सरकारकडे आहेच. ही दोन रजिस्टरे नावे वगळून एकमेकांशेजारी ठेवावीत, 21 ची अट निदान बाळंत बायकांपुरती काढावी आणि जो निष्कर्ष येईल तो विधिमंडळासमोर मांडावा, एवढी मागणी तरी आपल्या आमदारांनी करायला हरकत नाही.